भिंतीकडची बाजू

वाटी उडाली ती थेट कपाटाच्या आरशावर. कुस्करलेला भात काचेवरून ओघळायला लागला, चमचा पलंगाखाली गेला, आणि छोटी रिकामा हात तसाच हवेत धरून उभी राहिली. अहो, बापाने लेकीच्या हातातलं जेवण असं उडवावं? आणि बाप तरी कोण, तर ज्याने उभ्या जन्मात कुणावर हात उगारला नाही तो!

"परत?" दादा दारात येऊन म्हणाला. त्याच्या अर्ध्या गालावर दाढीचा फेस तसाच होता.

"परत," छोटी म्हणाली.

बाबांनी तोंड भिंतीकडे फिरवलं होतं. उजवा हात चादरीवर निपचित पडलेला, आणि ज्याने वाटी उडवली तो डावा हात छातीवर. छाती नुसती धपापत होती. वहिनी फडकं घेऊन आली, आरसा पुसायला लागली आणि पुसता पुसता हळूच म्हणाली, "कालपासून घोटभर पाण्याशिवाय पोटात काही नाही हो त्यांच्या."

ते सांगायला नकोच होतं. डॉक्टर आदल्याच दिवशी येऊन गेले होते. गिळायला काही अडचण नाही, मी तपासून बघितलंय, असं म्हणाले. खायचंच नाही असं दिसतंय. मन खचतं अशा आजारात. सोमवारपर्यंत वाट बघू, नाहीतर नाकातून नळी घालू. दादाला ते ऐकून जरा बरंच वाटलं, निदान पोटात काहीतरी जाईल म्हणून. छोटीच्या मात्र पायाखालची जमीन सरकली. कारण नळी म्हणजे काय हे त्या घरात तिला एकटीलाच ठाऊक होतं. तिने स्वतः किती जणांना घातली असेल त्याला गणती नाही. शुद्धीतला माणूस ती उपसून काढतो. मग त्याचा हात पलंगाच्या दांडीला बांधून ठेवावा लागतो. बाबांना आता एकच हात उरला होता, आणि सोमवारनंतर तोही बांधलेला असणार होता.

आता ही छोटी म्हणजे काही छोटी नव्हे बरं का. पस्तिशी उलटलेली बाई, वॉर्डची इन्चार्ज सिस्टर म्हणून भल्याभल्यांना घाम फोडलेली. घरात धाकटी म्हणून छोटी, ते नाव तसंच चिकटून राहिलं. दवाखान्यात तिला पाठीमागे फूटपट्टी म्हणायचे. तिला ते माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर आवडायचंसुद्धा. नाव पडलं ते शिकायला गेली त्या पहिल्याच वर्षी. तेव्हाच्या ट्यूटरबाई हातात फूटपट्टी घेऊनच वॉर्डात फिरायच्या. नर्स रुग्णाच्या उजव्या बाजूला उभी राहणार. डावीकडे दिसली की पोटरीवर फटका. नर्स रुग्णाच्या पलंगावर बसणार नाही. टेकली की फटका. बाकीच्या पोरी बाईंची पाठ वळली रे वळली की हुश्श करून टेकायच्या. ही मात्र नाही. एकदा एका म्हातारीने हिला आग्रह केला, अगं बस गं घटकाभर, पाय मोडून आले असतील, तर ही म्हणते कशी, "आजी, पलंग तुमचा आहे, पण नियम माझा आहे." पोरी हसून हसून लोटपोट झाल्या आणि तिचं बारसं तिथेच उरकलं.

पुढे नोकरीत तिने नाव काढलं. चादरीचे कोपरे बघून लोक सांगायचे, आज फूटपट्टीची ड्यूटी आहे. तिच्या हाताखालच्या मुली रडायच्या, शिव्या द्यायच्या आणि तीन वर्षांनी दुसऱ्या दवाखान्यातून फोन करून म्हणायच्या, सिस्टर, तुम्ही कान उपटलेत म्हणून निभावलं. लग्नाचा विषय बाबांनी एकदा काढला होता, तो तिनेच मिटवला. आई गेल्यावर तर घरात तिचंच राज्य.

तिच्या छातीशी, अॅप्रनच्या खिशावर, पिनेला टांगलेलं एक उलटं घड्याळ असे. ते बाबांनी केलेलं. बाबा शिलाई मशिनं दुरुस्त करायचे; हातात कसब असं की मोडकं काही घरातून बाहेर जात नसे. कुणाचं तरी टाकून दिलेलं मनगटी घड्याळ त्यांनी उघडलं, चालू केलं, पट्टा काढून त्याला पिन जोडली. "तुझे हात कामात असणार," म्हणाले, "मान खाली घातली की वेळ दिसली पाहिजे." त्यानंतर रोज सकाळी ती निघाली की बाबा मशीनवरून मान वर करायचे, बोटाने त्या घड्याळाच्या काचेवर दोनदा टकटक करायचे आणि विचारायचे, "चालतंय ना?" ती म्हणायची, "चालतंय." झालं, बापलेकीचं दिवसभराचं बोलणं तेवढंच.

कारण बाबा बोलायला कंजूष. आणि राग आला तर विचारूच नका, तोंडाला कुलूपच. आईने एकदा त्यांचा जुना पाना न विचारता भंगारात घातला होता, तर कितीतरी दिवस त्या घरात नुसती मशीनची खडखड ऐकू येत होती. अबोला धरावा तर बाबांनीच.

तर झालं असं, की छोटीने पुढे शिकायचं ठरवलं. चांगली इन्चार्जची जागा, आणि ही रजा काढून पदव्युत्तर शिक्षणाला निघाली. बाबा म्हणाले, "सुई टोचायला अजून किती शिकतात गं?" ते थट्टेने म्हणाले असतील. पण त्या दिवशी तिचं डोकं आधीच फिरलेलं, ती फाडकन म्हणाली, "तुम्हाला मशीनपलीकडचं काय कळतं?"

शब्द तोंडातून गेला आणि तिला लगेच वाटलं, अरे देवा, हे काय बोलले मी. बाबा काही न बोलता उठून आत गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मान वर केली नाही आणि घड्याळाला टकटक केलं नाही. आणि त्याच आठवड्यात मशीनवर बसल्या बसल्या त्यांना झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली, आपण बोललेलंही त्यांना धड कळेनासं झालं.

मेंदूच्या डाव्या बाजूचा झटका, वाचा जाणारच, हे काय छोटीला कुणी शिकवायला हवं होतं? डोक्याला सगळं कळत होतं. पण काळजाची समजूत कोण घालणार! तिला एकच वाटत राहिलं, बाबांनी धरलेला अबोला सोडला नाही, तो धरूनच ते आजारी पडले.

दवाखान्यातून घरी आणलं त्या दिवशी तिने खोली लावली. लावली म्हणजे अगदी वॉर्डासारखी. पलंगाची डावी बाजू भिंतीला टेकवली, उजवी मोकळी ठेवली, नर्सला उभं राहायला. उशाशी स्टूल, त्यावर टॉवेल, भांडं, औषधं, सगळं हाताशी. दादा म्हणाला, "वा! दवाखाना झक मारेल." तीही मनातून सुखावली. आपण बापासाठी काही करू शकतो तर हेच, असं तिला वाटलं. मात्र बाबांजवळ गेली की तिच्याने बोलवेना. तोंड उघडलं की हुंदका येईल या धास्तीने ती मुकाट काम करायची. कूस बदलायची, पाठ पुसायची, चादर ताणायची, सगळं तोंड मिटून. आणि बाबा आपले भिंतीकडे तोंड करून.

वहिनीची गोष्ट वेगळी. वहिनी म्हणजे मनाने मोकळी, तोंडाने त्याहून मोकळी, आणि पाठीने मोडलेली. तिला उभं राहून भरवणं जमेना. मग ती सरळ पलंगावर चढायची, भिंतीला पाठ लावून मांडी घालायची, आणि सासऱ्यांपुढे वाटी धरून जगभरच्या उठाठेवी सांगत बसायची. समोरच्या घरातल्या कुत्र्याने काय केलं, दूधवाला कसा खोटं बोलतो. बाबा तिच्याकडे टकमक बघत चार-सहा घास खायचे. मधेच डाव्या हाताच्या बोटाने स्वतःच्या छातीवर ठोकायचे. एकदा, दोनदा, पुन्हा पुन्हा, आणि डोळे वहिनीवर रोखलेले. "अहो, यांच्या छातीत दुखतंय!" असं ओरडत ती बाहेर धावली. धावपळ झाली, डॉक्टर आले, ईसीजीची पट्टी काढली. पट्टी स्वच्छ. डॉक्टर म्हणाले, असतं असं, झटक्यानंतर माणसं काहीही हातवारे करतात.

आणि मग एका संध्याकाळी छोटी कॉलेजातून लवकर आली आणि तिने वहिनीला पलंगावर मांडी ठोकून बसलेलं बघितलं.

"वहिनी! खाली उतर आधी!"

"अगं बाई, काय झालं?"

"आजारी माणसाच्या पलंगावर बसतात का? बाहेरच्या कपड्यांनी? त्यांच्या पाठीला जखम झाली तर? जंतू गेले तर?"

वहिनी उतरली. तिचे डोळे भरून आले होते. "चुकलंच माझं वन्सं," म्हणाली, "मला कुठे तुमच्यासारखं कळतं." त्यानंतर सकाळ-संध्याकाळ भरवायचं काम छोटीने स्वतःकडे घेतलं, आणि दुपारी वहिनी नियमाप्रमाणे उजव्या बाजूला उभी राहून वाटी पुढे करायला लागली. बाबांनी खाणं सोडलं. आधी घास तोंडातून बाहेर ढकलला, मग दचकायला लागले, मग वाट्या उडायला लागल्या.

"तू तिला बोललीस ते त्यांना लागलं," दादा म्हणाला. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं हो, पण छोटीला ते भाल्यासारखं रुतलं. म्हणजे त्यांनी माझ्या हातचं सोडलं, ती मनाशी म्हणाली. माझं तोंडही बघायचं नाही त्यांना. आणि आता माझ्यापायी त्यांना नळी.

तर ती आरसा भाताने बरबटलेली सकाळ. डोळे धुऊन, केस घट्ट बांधून, घड्याळ पिनेला लावून छोटी कॉलेजात पोचली. त्या दिवशी त्यांच्या वर्गाचं प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण सुरू व्हायचं होतं. सगळ्यांना वाटलेलं, आता अतिदक्षता विभाग, मोठमोठी यंत्रं. आणि आत जाऊन बघतात तर काय, फळ्यावर लिहिलेलं: 'शुश्रूषेची मूलतत्त्वं. अंग पुसणे, कूस बदलणे, भरवणे.'

वर्गात गलका उठला. एकजण म्हणाली, "आता वेणीफणीही शिकवा म्हणावं!" दुसरी म्हणाली, "माझ्या हाताखालच्या मुलींना मी हे शिकवते, मला कोण शिकवणार?" आणि सगळ्यांत मोठा आवाज कुणाचा असेल? छोटीचाच. सकाळचा सगळा जाळ तिथे निघाला. "मॅडम, हे आम्ही पहिल्या वर्षी केलंय. पंधरा वर्षं रोज करतोय. इथे आमचा वेळ का घालवता?"

मोठ्या मॅडम म्हणजे प्रशिक्षणाच्या प्रमुख. ठेंगणी मूर्ती, निवृत्तीला आलेल्या, तोंडात कायम लवंग. त्यांनी लवंग या गालातून त्या गालात नेली. "बरोबर आहे," म्हणाल्या. "मग तुम्हीच या पुढे, फूटपट्टी."

वर्ग गार. हे नाव मॅडमपर्यंत कसं पोचलं म्हणून छोटीचे कान लाल झाले, पण ती गेली.

"आजपर्यंत तुम्ही पलंगाशेजारी उभ्या राहिलात. आज पलंगावर झोपायचं. तुम्हाला झटका आलाय असं समजा."

छोटीला वाटलं, नेमका झटकाच? वर्गात तिने घरचं कुणालाच सांगितलं नव्हतं. नाही म्हणावं असं वाटलं, पण फूटपट्टी कसली माघार घेतेय! ती झोपली. मॅडमनी तिचा उजवा हात अंगाशी बांधून टाकला. कानात कापसाचे घट्ट बोळे घातले, कारण बोललेलं कळत नाही असा रुग्ण. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून मान जराशी डावीकडे वळवून ठेवली. आणि डोळ्यांवर एक चष्मा चढवला, त्याच्या दोन्ही काचांचा उजवा अर्धा भाग काळ्या चिकटपट्टीने झाकलेला. शेवटी ओठांवर बोट ठेवून खूण केली, बोलायचं नाही.

आणि खोली अर्धी झाली. छत अर्धं, दिवा अर्धा. दिसत होती ती डावीकडची भिंत, तिच्यावरचा एक खिळा आणि खिळ्याखालचा पोपडा. माणसं कुठे गेली कोण जाणे. वर्गातली एवढी माणसं होती ती जणू उठून निघून गेली. ती खिळ्याकडे बघत पडून राहिली. पहिल्यांदा जरा हसू आलं. मग कंटाळा आला. मग, कशाने कोण जाणे, एकटं वाटायला लागलं आणि कुणी आहे का म्हणून विचारावंसं वाटलं. पण बोलायला बंदी.

एकाएकी तिच्या ओठांना काहीतरी गार, कडक लागलं. कुठून आलं? कुणी आणलं? समोर तर कुणीच नव्हतं! तिला काही कळायच्या आत तिचा डावा हात उडाला आणि सणसणीत लागला. काहीतरी खणखणत लांब गेलं. तिने तोंड भिंतीकडे फिरवलं आणि हात छातीवर दाबून धरला. छाती धपापत होती.

कापसातूनही तिला हसण्याचा कल्लोळ ऐकू आला. तिने चष्मा आणि कानातले बोळे ओरबाडून काढले. पलंगाच्या उजव्या बाजूला वर्गातला ब्रदर उभा होता, दरवाजाएवढा धिप्पाड आणि स्वभावाने लोणी असा. त्याच्या पांढऱ्या शर्टवर भात. हातात चमचा तसाच, आणि चेहरा रडवेला. "सिस्टर, मी केव्हाचा इथेच उभा आहे," तो म्हणाला. "नियमाप्रमाणेच उभा होतो. उजव्या बाजूला. मी हाकसुद्धा मारली तुम्हाला."

छोटी त्याच्या शर्टवरच्या भाताकडे बघत राहिली. तिच्या तोंडाचं पाणी पळालं होतं. तिच्याकडे बघून हसणारे एकेक करून थांबले.

"बाबा," ती म्हणाली.

"काय झालं?" मॅडम जवळ आल्या.

"बाबा... माझे बाबा. त्यांनी सकाळी... अशीच. अशीच वाटी उडवली." आणि मग तिने सगळं सांगितलं, तुटक तुटक, हात अजून अंगाशी बांधलेलाच होता ते विसरून. झटका, वाचा, उपास, सोमवार, नळी.

मॅडमनी एवढंच विचारलं, "कुठलं अंग गेलंय?"

"उजवं."

"आणि पलंग कसा ठेवलाय?"

छोटीचं तोंड उघडं राहिलं. "डावी बाजू भिंतीला," ती शेवटी म्हणाली.

"कुणी ठेवला?"

"मी."

मॅडमनी डोळे मिटून घेतले. अशा झटक्यात नुसता हातपाय जात नाही, त्या बाजूची नजरही जाऊ शकते; दोन्ही डोळे धड असतात आणि तरी उजवीकडचं जग दिसत नाही, हे तिथे कुणाला माहीत नव्हतं? याच शिक्षणाच्या प्रवेशपरीक्षेत त्यावर प्रश्न होता. छोटीने पान भरून उत्तर लिहिलं होतं, आकृतीसकट. आणि घरी येऊन तिने बापाच्या दिसत्या बाजूला भिंत आणून ठेवली. उघडी ठेवली ती आंधळी बाजू, आणि त्या आंधळ्या बाजूला दिवसातून दोनदा, ताठ, मुकाट, ती उभी राहत होती. वहिनी दिसत्या बाजूला बसायची ती केवळ तिची पाठ दुखायची म्हणून, आणि तिलाही हिनेच खाली उतरवलं.

"असं कसं मला..." छोटी म्हणाली. "मॅडम, मी नर्स आहे हो!"

"म्हणूनच," मॅडम म्हणाल्या. "दुसरं कुणी असतं तर जागा मिळेल तिथे बसलं असतं." मग त्यांनी स्वतः तिचा बांधलेला हात सोडवला. "खातील का हे मी सांगू शकत नाही. पण त्यांना दिसा तरी आधी. जा."

घरी पोचेपर्यंत तिला रस्ता कसा सरला ते कळलं नाही. दार वहिनीने उघडलं, आणि नणंद अशी भर दुपारी, अॅप्रनमध्येच, डोळे सुजवून आलेली बघून तिचा हात तोंडावर गेला. "कुणाला काय झालं?"

"काही नाही. भात आहे का? मऊ कर आणि आण."

बाबा पडलेले होते, तोंड भिंतीकडे. तिने चपला काढल्या. क्षणभर पलंगापाशी थांबली. पंधरा वर्षांची सवय, पोटऱ्या आपोआप आखडल्या. मग पायथ्याकडून पलंगावर चढली. भिंत आणि बाबा यांच्यात हातभर जागा होती. ती अंग चोरत तिथे शिरली, भिंतीला पाठ लावली आणि मांडी घातली. दारातून वहिनीचा आवाज आला, "अगं बाई, वन्सं! पलंगावर?"

बाबांनी डोळे उघडले.

त्यांनी तिच्याकडे बघितलं. माणूस परगावाहून न कळवता दारात येऊन उभा राहिला तर घरातले बघतात ना, तसं. त्यांचे ओठ हलायला लागले, वाकडे होऊन थरथरायला लागले, आणि घशातून एक विचित्र, मोठा आवाज निघाला. मग त्यांचा डावा हात उठला. छोटीने डोळे मिटून मान खाली घातली. मारा, ती मनात म्हणाली, मारा बाबा, माझी तीच लायकी आहे.

हात तिच्या छातीशी आला. बोट घड्याळाच्या काचेवर टेकलं.

टक टक.

तिने डोळे उघडले. बाबांनी बोट उचललं, स्वतःच्या छातीवर, डावीकडे, जिथे तिच्या अॅप्रनचा खिसा येतो बरोबर तिथे ठोकलं. टक टक. पुन्हा तिच्या घड्याळावर. टक टक. डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागलेल्या.

वहिनीच्या हातातली वाटी खाली पडता पडता राहिली. "अगं आई गं!" ती किंचाळलीच. "वन्सं, ते दुखत नव्हतं! त्यांच्या छातीत दुखत नव्हतं! ते मला विचारत होते. रोज विचारत होते हो, तुम्ही कुठे गेलात म्हणून! आणि मी मेली डॉक्टर बोलावत बसले!"

म्हणजे झटका आला त्या दिवसापासून त्यांच्या दृष्टीने ही घरात नव्हतीच. बाबांच्या लेखी लेक रागावून घर सोडून गेली होती. आणि ती मुकाट, शेजारी, पाठ पुसत होती, चादर ताणत होती. त्यांना कळत होतं ते एवढंच, की कुणाचे तरी हात येतात आणि कुणीतरी तोंडात चमचा खुपसतं.

"चालतंय," ती म्हणाली. मग ओरडून म्हणाली. "चालतंय बाबा! मी इथेच होते हो! इथेच होते मी!" त्यांना शब्द कळले की नाही कोण जाणे. पण त्यांनी घड्याळ मुठीत धरलं.

वहिनीने वाटी तिच्या हातात दिली आणि पदराने नाक पुसत दाराशी उभी राहिली. छोटीने चमचा लगेच तोंडाशी नेला नाही. आधी वाटी त्यांच्यासमोर, दिसेल अशी धरली. बाबांनी वाटीकडे बघितलं. मग भाताकडे, मग चमच्याकडे, मग पुन्हा तिच्याकडे. तिने चमचा हळू, लांबून, त्यांच्या नजरेसमोरून आणला. बाबांनी तोंड उघडलं.

पहिला घास बराच वेळ तोंडात घोळला आणि मग गिळला गेला. दुसरा लवकर गेला. तिसऱ्याला त्यांनीच मान पुढे केली. दाराशी वहिनी आपली हळू आवाजात दादाला फोनवर सांगत होती, "खातायत हो, तुमच्या बहिणीच्या हातचं खातायत, तुम्ही आधी या," आणि मधेच रडत होती, मधेच हसत होती. वाटी संपत आली तेव्हा छोटीला आणखी भात घ्यायला खाली उतरायचं होतं. पण उतरता येईना. सोमवारनंतर जो हात दांडीला बांधावा लागणार होता तो घड्याळ सोडायला तयार नव्हता, आणि पिनेला ताण बसून अॅप्रनचा खिसा उसवायला लागला होता.

"वहिनी," छोटी म्हणाली, "भात तूच आण. मी इथून हलत नाही."